शेवटचा आकडा

आधी जाळी बघायची, नोला सांगते.
चौकटींची असेल तर फोर्ड,
शंकरपाळ्यांची असेल तर शेवरोले
(शंकरपाळी माझी. ती नुसतीच बोटानं हवेत आकार काढते).
मग समोरची काच: वरून पुढे आलेली, खालून आत गेलेली,
विमानातून चमकू नये म्हणून.
त्यामुळे हे ट्रक कायम
चष्मा कुठं ठेवला ते आठवत असल्यासारखे दिसतात.

हॉपटाउनच्या पुढे, मॅलीच्या गव्हात,
क्लेम फिट्झनरच्या शेडमागे एक उभा आहे.
पंचवीस वर्षं झाली, क्लेम म्हणतो. मग म्हणतो, तीस.
सीटच्या स्प्रिंगांत कोंबडीनं घातलेली अंडी
तो आधी काढून घेतो, टोपीत ठेवतो.
आता बघा काय बघायचं ते.

नोला ओल्या पॉलिशपेपरनं दार घासते,
गोल गोल, लहान मुलाचं तोंड पुसावं तसं.
लाल: गावच्या वणवा-दलाचा.
लालखाली पिवळा, रस्ते खात्याचा.
पिवळ्याखाली निळा, क्लेमच्या बापाचा,
सेहेचाळीसच्या लिलावात घेतल्यावर
ट्रॅक्टरचा उरलेला डबा त्यानं यावर संपवला.
(म्हाताऱ्यानं विकला, आणि वणवा-दलानं टाकला तेव्हा
क्लेमनंच ओढून परत आणला. का, ते विचारू नका.)
निळ्याखाली हिरवा.
हिरव्याखाली माती. नाही, मातीचा रंग.
आणि त्यात पांढरे आकडे.

तिच्या वहीत दोनशे बारा ट्रक आहेत.
एक तळ्यात, खिडकीपर्यंत बुडालेला.
एक अजून बोअर खणतो.
एकाचा नुसता मडगार्ड उरला,
त्याखाली कुत्रा झोपतो; त्यालाही पान आहे, नंबरासकट.
हा सगळा खटाटोप एकासाठी.
बाप, आर्ची झ्वार, अॅलिस स्प्रिंग्जहून बर्डमला
धुळीतून तो चालवायचा,
इंजिन मांडीशी तापलेलं,
गिअरचा दांडा इतका मागे की कोपर मुडपून शोधावा लागे.
लढाईनंतर त्यानं स्टिअरिंगला हात लावला नाही.
सायलोवर सायकलनं गेला, चौतीस वर्षं.
फक्त जेवताना कधी
डावा हात खुर्चीमागे जायचा,
काही तरी धरायचा, पुढे ढकलायचा,
आणि मग तो बटाटे मागायचा.

त्याच्या पगारपुस्तकात नंबर आहे. शेवटी आठ.

मी टॉर्च धरतो.
एक. तीन. सात. नऊ. शून्य. आणि मग
एक ओरखडा, नेमका डावीकडून.
इंग्रजी आठची डावी बाजू गेली की तीन उरतो.
तीनला डावी बाजू नसतेच.
आपल्या ३ आणि ८ ची
कितीही गंज चढला तरी
अशी गल्लत झाली नसती.
पण हा ट्रक आपल्या लिपीत लढायला गेला नव्हता.

चासीवरचा नंबर?
क्लेमच्या बापानं नेमकं तिथंच कापून
विंच जोडली होती.

नोला आत चढली. दार लागेना, तसंच राहू दिलं.
समोर बघत बसली. समोर शेडची भिंत.
मग तिचा डावा हात मागे गेला,
न बघता.
दांडा होता. तिथंच होता.
पण तो सगळ्याच ट्रकांत तिथंच असतो,
हे तिच्याइतकं कोणाला माहीत?

वहीत तिनं लिहिलं, दोनशे तेरावा,
शेवटचा आकडा तीन किंवा आठ. पेन्सिलीनं.
आठ लिही की, क्लेम म्हणाला, इथं कोण तपासायला येतंय?
तीनवालं कोणी आलं तर, ती म्हणाली.

निघताना त्यानं टोपीतली दोन अंडी तिला दिली.
तिनं ती रुमालात गुंडाळून
मधल्या सीटवर ठेवली,
आणि कच्च्या रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला
एक हात त्यांच्यावर धरत
साठ किलोमीटर
अगदी सावकाश आली.