पाच कट्टे

पंचवीस विड्यांचा एक कट्टा,
चाळीस कट्ट्यांचे हजार.
हे गणित मी शाळेआधी शिकले,
धुरपताबाईच्या सपरीत,
ओल्या तेंदूपानांच्या वासात.

आठ बाया पानं कापायच्या,
जर्दा भरायच्या, वळायच्या, सुतानं बांधायच्या.
नववी कौतिका नान्हे.
ती भिंतीला पाठ टेकून बसायची
आणि सांगायची.

पंचेचाळीस कट्टे वळायचे, चाळीस लिहून घ्यायचे.
दिवस कलला की प्रत्येक सुपातून
पाच-पाच उचलून
मी कौतिकाच्या टोपलीत ठेवत असे.
आठ पंचे चाळीस.
सट्टेदाराच्या वहीत नऊ नावं,
नऊ वेळा हजार.

दया नव्हती ही.
दया असती तर सणासुदीला दिली असती,
आणि देताना मान थोडी वर झाली असती.
हे दळणाच्या पैशासारखं होतं.
दळलं, दिले.

त्या साली वैनगंगेत एक डोंगेवाला होता.
दिवाळी झाल्यावर धुक्यात निघालेला,
डोंग्यात एक नवरी, एक बकरी
आणि फडक्यानं झाकलेली टोपली.
संक्रांत गेली, शिमगा गेला,
त्याला काठ लागेना.
कौतिका घाई करत नसे.
टोपलीत काय आहे, ते तर बोलतच नसे.

त्याच साली बा भिलाईहून परत आला नाही.
आईनं सुपावर आडवा हात ठेवला.
‘मी नाइ देत. सव्वाशे विड्यात मीठ-मिरची येते वो.
डोंगा तरला का बुडला, मले का भेटते?’
कौतिकानं टोपली उचलली, घरी गेली.
दुसऱ्या दिवशी आली, बसली,
आणि बोललीच नाही.

खरं सांगते, त्या दिवशी विड्या जास्त झाल्या.
छाटसुद्धा कमी निघाला.
पण कात्र्या किती आवाज करतात
ते पहिल्यांदा कळलं.
बिरजुलाचं पोर आखाडात गेलं होतं.
एरवी ती नवरीसाठी रडायची,
कोणी मोजत नसे.
त्या दिवशी ती नुसतीच रडली,
आणि आम्ही सगळ्या पानांकडं पाहत राहिलो.

रात्री दिवा मालवल्यावर
आई बराच वेळ कूस बदलत होती.
‘झोपली का वो?’
‘नाइ.’
‘त्या टोपलीत का असंल?’
मी म्हटलं, साप.
‘हट्. लेकरू असंल.
नाइ तं नवरी फडक्यावर पदर कायले धरते?’
मग धुक्यात त्याला थंडी वाजत असेल म्हणाली,
बकरीचं दूध पाजत असतील म्हणाली.
बाबद्दल ती एक शब्द बोलली नाही.
पहाटेपर्यंत आम्ही दोघींनी ते लेकरू जगवलं.

सकाळी आईनं सहा कट्टे काढले.
कौतिकानं एक परत केला.

पुष्कळ वर्षांनी तिच्या पेन्शनसाठी
गोंदियाहून साहेब आला.
कार्डावर एकतीस वर्षं, रोज हजार.
साहेबानं तिच्यापुढं पान सरकवलं,
‘एक वळून दाखवा.’
तिनं पान उलटं धरलं.
जर्दा मांडीवर सांडला.

‘साहेब, तिच्या विड्या आमी वळल्या,’ आई म्हणाली.
‘आणि ही काय करत होती?’

कोणाला सांगता येईना.
धुरपताबाई कात्रीची धार पाहू लागली.
कौतिका गालातल्या गालात हसत होती,
तिला आता ऐकू कमी यायचं.
शेवटी आईच पुढं सरकली.
‘बसा साहेब,’ म्हणाली,
‘धुकं होतं. दिवाळी होऊन गेलती...’

साहेबानं घड्याळ पाहिलं.
पेनाचं टोपण लावलं नाही, काढलंही नाही.
मी सवयीनं पाच कट्टे उचलले होते,
कोणाच्या टोपलीत ठेवावेत
ते ठरवत उभी राहिले.