नमुना

धरणगावात जिनिंगचा सीझन सरला
की मे महिन्यात गिरणी गप्प होते.
पत्र्याला रुईचे चार धागे चिकटलेले,
आणि पाठीमागे, जाळीच्या कुंपणात
ट्रान्सफॉर्मर एकटाच गुणगुणतो,
हजार केव्हीएचा, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा.

त्याच्या श्वासनळीतले निळे खडे
यंदा गुलाबी निघाले.
म्हणजे ओल आत गेलीय.
किती, ते डोळ्यांना कळत नाही.

उखर्डूनाना सरकीच्या घाण्यावर चाळीस वर्षं.
अंगठ्यात थेंब चोळून सांगतात
सरकी कुठल्या शिवारातली,
किती दिवस पोत्यात घामेजली.
त्यांनी हेही चोळलं, हुंगलं,
मग हात धोतराला पुसून म्हणाले,
"हाई तेल मनासंगे बोलत नही, पोरी."

तर ज्याच्याशी ते बोलेल
असा माणूस शोधायचा होता.
कोचरशेठ म्हणाले, जो स्वस्त तो.

पहिल्याने दर सांगितला, आणि वर,
"रिपोर्ट ओकेच येईल मॅडम, काळजी नको."
मी काळजीसाठीच फोन केला होता.

दुसऱ्याची भिंत प्रमाणपत्रांनी भरलेली.
मी त्यांच्या मागची यादी मागितली,
जी कुणी मागत नाही.
तीत पाणी होतं, माती, शेणखत,
केळीच्या पानाचे देठसुद्धा.
तेल नव्हतं.

तिसऱ्याला बाटली पाठवली.
म्हणजे पाठवायची होती; एसटीचं पार्सल चुकलं,
बाटली माझ्याच कपाटात, काळ्या फडक्यात,
आणि गुरुवारी मेलवर रिपोर्ट:
बासष्ट केव्ही, ओल नगण्य, तेल उत्तम.
खाली शिक्का. शिक्क्यावर वळणदार सही.
मी कपाट उघडून
बाटलीला तो वाचून दाखवला.

तीच बाटली मग नाशिकला गेली.
चार दिवसांनी गायधनीबाईंचा फोन, नमस्कारसुद्धा नाही:
"गळ्याशी बुडबुडा आहे.
वॉल्व्हचं तोंड पुसलं होतं?
पहिलं लिटरभर वाहू दिलं होतं,
की तेलाची हळहळ वाटली?
हा नमुना मी तपासणार नाही.
पैसे परत घ्या, नाहीतर नीट भरून पाठवा."

मला ती दुपार आठवली.
पंचेचाळीस अंश, फुफाट्याचा वारा,
मी वॉल्व्हवर वाकलेले,
हनुवटीवरून घामाचा एक थेंब सुटला होता.
तो कुठे पडला ते मी पाहिलं नव्हतं.

फोन ठेवायच्या आत
माझी प्रयोगशाळा ठरली होती.

पुन्हा पहाटे उठलो. हवा कोरडी, वारा नाही.
काचेची सिरिंज, धुऊन भट्टीत वाळवलेली बाटली,
नानांच्या हातात टॉर्च.
पहिलं लिटरभर बादलीत सोडलं तेव्हा
टॉर्च हलला.
तेल वाया जाताना नानांना बघवत नाही,
न पिळलेलं असलं तरी.

रिपोर्टला अकरा दिवस लागले.
बासष्ट नव्हतं. एकतीस.
ओल अडतीस.
आणि खालच्या रकान्यात, बारीक अक्षरात,
ॲसिटिलीन: तीन.

"तीन म्हणजे?" कोचरशेठ.
म्हणजे आत कुठेतरी, केव्हातरी
ठिणगी पडली होती, शेठ.
आपण कापूस दाबत होतो, चहा पीत होतो,
तेलाने ती गिळली
आणि कुणाला कळू दिलं नाही.

शेठ बराच वेळ जाळीकडे पाहत बसले.
मग हळूच, "तो बासष्टवाला किती घेत होता?"

बासष्टचा कागद मी फाडला नाही.
मीटरच्या खोलीत चिकटवलाय,
नव्या पोरांसाठी.
पुढच्या महिन्यात तेल गाळायला गाडी येईल,
आत हात घालून ती जागा शोधावी लागेल,
खर्चाचा आकडा अजून मी सांगितलेला नाही.

नानांना मात्र सांगितलं.
घाण्याच्या सावलीत बसून त्यांनी रिपोर्ट हातात धरला,
उलटा, चष्म्याशिवाय,
कागदाच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.
"बोलनं तर मंग," म्हणाले.