सत्यवती गिरप, वय त्रेपन्न

काजूच्या कारखान्यात सोलायला असते,
म्हणून सगळ्यांनी तेलालाच धरलं.
"काजीचा त्याल उडला आसतला," जाव म्हणाली.
त्याआधी कुणीतरी नागीण समजून गेरू लावलेला,
पाठ अजून तांबूस.

मी विचारलं, पहिल्यांदा कुठे आलं?
बराच वेळ गप्प. मग जीभ न हलवता :
"तोंडात. शिमग्याक.
तिरफळाचा सार गिळूक जमला नाय."

आता गणपतीही बुडवून झाले होते.
मधल्या महिन्यांत वेंगुर्ल्यात कुणी तिला
आ कर म्हटलं नव्हतं.

फोडाशेजारच्या धड कातडीवर अंगठा टेकवला,
किंचित रेटला.
दुधावरची साय सरकावी तशी सरकली.
मी चुकचुकले. ती म्हणाली,
"झंपर काढताना असाच जाता."

दोन तुकडे काढले.
एक फॉर्मॅलिनमध्ये. दुसरा त्यात नाही, नाही, नाही,
असं तीनदा बजावून
शेवटी बाटली मीच भरली.
रात्रीच्या गाडीने कोल्हापूर.

नवव्या दिवशी मोबाइलवर फोटो :
मिट्ट काळोखात हिरवं जाळं,
पेशीपेशीच्या कडेने पेटलेलं.
तिच्या नवऱ्याला दाखवलं. त्याने
दोन बोटांनी मोठं करून पाहिलं, म्हणाला,
"बारीक आसा. तारल्याचा."

मी सांगितलं, हे धागे धरून ठेवतात,
आणि तिचंच रक्त ते उसवतंय.
"दुसऱ्याक लागता?"
नाही.

जावेने काही न बोलता
तिचा उरलेला चहा उचलला
आणि पिऊन टाकला.

मी गोळ्यांचा डोस लिहीत होते.
साखर तपासायची राहिली होती.