सोळा इंच

शेट्टरच्या दुकानात दोनच फ्लोअर टॉम होते.
चौदा इंची कोरा, निळ्या चकाकीचा.
सोळा इंची कॅम्पातल्या चर्चमधून आलेला,
अंगावर मेणाचे दोन थेंब, तिन्ही पायांना गंज.

दोघांवर एकेकदा काठी टाकली.
चौदा लगेच बोलला,
भाव विचारायच्या आत भाव सांगणाऱ्या भाजीवालीसारखा.
सोळानं आधी श्वास घेतला.
मग बोलला. आणि मी पैसे मोजायला लागले तरी
त्याचं वाक्य संपलं नव्हतं.

"चौदाच ने गे," शेट्टर म्हणाले,
"आज निपाणी, उद्या गोकाक, परवा कुणाची तरी हळद.
लाल बशीत हे धूड कुणाच्या मांडीवर ठेवणार?"
हिशेब बरोबर होता.

पण वडगावात आमच्या घरात चार माग.
मागांपलीकडे पलंग, पलंगाखाली भांडी,
भांड्यांच्या पलीकडे उरलेली मी.
माग आणि चौदा एकाच पट्टीत बोलतात:
एका नळावर दोन घागरी.
सोळा त्यांच्या खालून जातो.
फरशीतून, टाचेतून, वर पोटरीपर्यंत.
आईला सांगितलं, स्वस्तात मिळाला.

करंट गेल्याशिवाय सूर लागत नाही आमच्याकडे.
परवा दुपारी गेला.
चारही धोटे जिथल्या तिथे थांबले,
साडीचा काठ अर्ध्यात राहिला
आणि गल्लीला एकदम कान फुटले.

वरचं कातडं, कातडं कसलं, प्लास्टिकच, नवं चढवलं.
बोल्ट आधी बोटांनी, मग चावीनं,
समोरासमोर, अर्धा अर्धा फेरा,
सुरकुती जाईल इतपतच.
कडेपासून बोटभर आत टिचकी. ऐकायचं. पुढचा.
सात वळले.
आठवा जागचा हलेना.
रॉकेल झालं, खोबरेल झालं, शिव्या झाल्या.

इराप्पा जॉबर दारात बसून तंबाखू मळत होता.
वीस वर्षं आमचे माग दुरुस्त करतोय.
त्याचं मराठी मध्येच कानडीत उतरतं,
आमचं कानडी मध्येच वर येतं.
तो उठला, हात पँटला पुसले,
टिचकी मारली त्या आठव्यापाशी
आणि ताणा तपासावा तसा कान खाली नेला.
"ह्यो बिगी आहे. हलायचा नाही.
मग बाकीच्या सातांनी ह्याच्याकडं यायचं की.
अजून काय?"

मी चावी फिरवत गेले,
तो डोळे मिटून सांगत गेला:
"इन्नू स्वल्प.
इन्नू.
साकु. साकु गे, तुटंल."
खालचा पडदा वरच्याहून किंचित चढा ठेवला.
तिसऱ्या पायाखाली बॉबिनचा पुठ्ठा दिला.
आत, तळाशी, विटक्या साडीचा वितभर तुकडा
गुंडाळून टाकला, घुमणं जरा आवरायला.
तो जांभळा तुकडा माझ्याच पाचवीतल्या परकराचा,
पण हे इराप्पाला सांगायचं कारण नव्हतं.

एकदा मारलं.
भांडी गप्प. फरशी बोलली.
शेजारच्या शांतव्वानं खिडकीतून विचारलं,
"काय पडलं गं?"

तेवढ्यात करंट आला.
पहिला माग, दुसरा, मग तिसरा सुरू झाला,
आणि कुणी हात न लावता
सोळा गुणगुणायला लागला. सारखा. एकाच सुरात,
दात दुखणाऱ्या माणसासारखा.
मी चावी उचलली.
सातही बोल्ट पुन्हा पहिल्यापासून.

"थांब," इराप्पा म्हणाला.
तिसऱ्या मागाच्या चौकटीवर तळवा ठेवला.
मग टॉमवर.
मग परत मागावर.
खिशातून स्पॅनर काढला
आणि मागाखाली वाकला.