सुट्टे

अंगावरून वारं गेलं, म्हणतात लोक.
कुठलं वारं? पौषातली पहाट,
परभणीच्या डेपोत लिंबाचं पानही हलत नव्हतं.
पहिल्या फेरीचं वेबिल भरत होतो,
पेन पडलं.
उचलायला हात पाठवला,
तो गेलाच नाही.

युनूस ड्रायव्हर म्हणाला, मास्तर, तोंड असं काय करायलात?
मी म्हणालो, काही नाही, जरा चक्कर आली.
असं मी म्हणालो.
त्याला ऐकू गेलं एवढंच : सुट्टे.

मग अडीच महिने माझ्याकडे हा एकच शब्द.
तहान लागली, सुट्टे.
खांदा ठणकतोय, सुट्टे.
लाईट बंद करा, सुट्टे, सुट्टे.
नांदेडच्या दवाखान्यात बायकोनं एकदा
खरंच पदराची गाठ सोडली
आणि चार नाणी ठेवली माझ्या डाव्या तळव्यावर.
मला हसू आलं. थांबेना.
नंतर कळलं, रडतोय.
दोन्ही दारांना आता एकच कडी आहे.
भावकीतल्या मयतीत हसलो,
साबणाच्या जाहिरातीत हुंदके दिले,
आणि आत मी कोरडा, शरमिंदा,
बघत बसलो माझं तोंड काय करतंय ते.

उजवा हात माझाच, मला माहीत आहे.
माहीत असणं वेगळं.
रात्री कुशीवर वळताना तो खाली सापडतो,
गार, कुणाचा तरी विसरलेला.
डाव्या हातानं उचलून मी त्याला उशीवर ठेवतो,
पेंगलेल्या पॅसेंजरचं डोकं
खांद्यावरून बाजूला करावं तसं.
या हातानं आधी पंच दाबला, मग मशीन,
तेहतीस वर्षं.
रबरी चेंडू दाबत नाही.

बोलायला शिकवणारी पोरगी चित्रं दाखवते.
कुलूप. कप. कंगवा.
ओळखतो की मी. आमच्या कुलपाची किल्ली
कुठल्या खिळ्याला आहे तेही सांगतो,
म्हणजे, सांगितलं असतं.
शब्द फाट्यावर उभा राहून हात करतो,
गाडी थांबत नाही.

परवा तिनं विचारलं, या कोण? नाव काय यांचं?
बायको लाजली.
एकतीस वर्षांत मी तिला नावानं हाक मारलेली नाही.
अगं म्हटलं की यायची.

डोळे मिटले.
पोटातून आपोआप निघालं :
परभणी. सिंगणापूर. पोखर्णी.
खणखणीत, मागच्या शिटापर्यंत जाईल असं.
पोरगी खुर्चीतून उठलीच.
दैठणा.
दैठण्याला ती चढायची,
लग्नाआधी, शिवणक्लासला जाताना,
पिशवीत कापडाचे तुकडे, हातात हरभऱ्याचा डहाळा.
एक फुल गंगाखेड,
आणि सुट्टे कधीच नसायचे.

कु, म्हणालो.
कु.
आत नाव अख्खं आहे, कुशावर्ता,
आत कुणी तोतरं नाही.
पण जीभ तोवर पुढं निघून गेली होती :
खळी पाटी, गंगाखेड.

जाऊ द्या, ती म्हणाली,
उद्या पुन्हा परभणीपासून.
आणि माझा चहा बशीत ओतला.

उजव्या कोपऱ्यातून तो गळत असणार.
मला तिथं ओलं कळत नाही.
तिच्या पदराकडे बघून कळतं.