पेशी

डंडीच्या दंतरुग्णालयात कौतिकाबाईंनी आ केला.
जिभेच्या कडेला पांढरा डाग, तांदळाच्या कणीएवढा.
मी दुभाषी, तासाच्या बोलीवर.

"सुरी नाही," मॅकरे बाई म्हणाल्या,
"नुसता ब्रश. गोल फिरवायचा."
मी मराठीत सांगितलं.
"चाळीस वर्सं बोटानं मिश्री फिरवली,
आता तिले फिरवू दे."

टिपूसभर रक्त. बाटलीतलं पाणी जरासं गढूळलं.
यातल्या पेशी तपासतील, मी म्हटलं.
"पेशी? कोर्टातली?"
धुऱ्याच्या भांडणात त्यांनी बऱ्याच पाहिलेल्या.
हो. तारीख दोन आठवड्यांनी.

बाटलीवर त्यांचं आडनाव चुकीचं.
मी दुरुस्त करवून घेतलं.

"जामीन भेटते का वं?"

मॅकरे बाई माझ्याकडे बघत.
म्हटलं, घरी जाऊ का, विचारतात.