प्रॉम्प्टरच्या खोक्यातून

मला ती दिसायची पायांपासून.
बर्गनच्या त्या थिएटरात रंगमंचाच्या ऐन कडेला
माझं खोकं, कुत्र्याच्या घराएवढं.
एक दिवा, एक उशी, एक संहिता.
राणी असो की मोलकरीण,
राग्नफ्रिड त्वाइतचे घोटे मला आधी कळायचे.
डावा सुजलेला असला
की दुसऱ्या अंकात एक वाक्य गळणार;
ते मी ओठांवर तयार ठेवायची.

तेवीस वर्षं.
तिला टाळ्या, मला धूळ,
आणि याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही.
मासळीबाजारात तिच्यासाठी कॉड बाजूला काढलेला असायचा.
बसचे ड्रायव्हर तिला 'आमची राग्नफ्रिड' म्हणायचे,
जणू कालच त्यांच्या स्वयंपाकघरात
कॉफी पिऊन, कप विसळून गेली.

नोव्हेंबरातला शनिवार.
पडदा पडला, उठला, पडला, पुन्हा उठला.
पुठ्ठ्याचा सोनेरी मुकुट काखेत मारून
ती पुढे आली. हात वर केला.
मी संहितेचं पान उलटलं.
पुढे फक्त मागचं कव्हर होतं.

"येल्मफ्योर्डचं प्रसूतिगृह बंद करतायत,"
राणीच्या आवाजात नाही,
बेकरीत सुटे पैसे कमी आले की काढतो ना, त्या आवाजात.
"पैसे वाचतील म्हणे. वाचतीलच.
ज्यांनी कागदावर सह्या केल्या
त्यातल्या एकालाही रात्री अकरानंतर कळा येत नाहीत."

माझी पाठ प्रेक्षकांकडे.
चेहरे नाही, फक्त खुर्च्यांची करकर,
एक हसू, कुणाच्या तरी कोटाची सळसळ.

मग ती फेरीबोटीबद्दल सांगू लागली.
जुलैत तीन आठवडे प्रसूतिगृह 'तात्पुरतं' बंद होतं, तेव्हाची गोष्ट.
गाड्यांचा डेक, दोन ट्रकच्या मधली जागा,
एका ट्रकात बटाटे,
खलाशाचं जॅकेट खाली अंथरलेलं.
बाळ रडलं. आई पलीकडच्या धक्क्यापर्यंत पुरली नाही.
तिचं नाव,
त्या बाईचं नाव...

घोटे थबकले.
ही शांतता मला पाठ होती.
संहितेत नाव नव्हतं,
पण मला संहिता लागलीच नाही.
"ओदलाउग," मी म्हणाले.
कुजबुजायला हवं होतं. कुजबुजता आलं नाही.
"ओदलाउग. माझी बहीण."

तिनं खाली पाहिलं.
भर सभागृहासमोर नटी खोक्याकडे बघत नाही, हा नियम.
तिनं पाहिलं,
आणि मग ते नाव शेवटच्या रांगेपर्यंत नेऊन ठेवलं.

सोमवारी व्यवस्थापकांचं पत्र, दोन ओळींचं.
नटीनं दिलेलीच वाक्यं बोलावीत, असं
एका निवृत्त मुख्याध्यापकानं पेपरात लिहिलं.
सत्तावन्न तिकिटं परत आली, मीच मोजली.
कॉड मात्र बाजूला निघत राहिला.

आणि प्रसूतिगृह? एप्रिलमध्ये बंद झालं.
खोटं कशाला सांगू.

तरी दर गुरुवारी, नाटक नसायचं तेव्हा,
दोन बसा बदलून ती फेरीच्या धक्क्यावर जायची.
रबरी बूट, नवऱ्याची लोकरी टोपी.
रांगेतल्या गाड्यांसमोर उभी राहून
वेळापत्रक वाचायची. नुसतं वेळापत्रक.
"शेवटची फेरी, बावीस पंचेचाळीस."
थांबायची.
खूप थांबायची.
"त्यानंतरची, सकाळी सहा दहा."

मी शेजारी, एका हातात छत्री, कडेवर भाचा.
आयुष्यभर दुसऱ्यांच्या शांतता बुजवत आले,
या सात तास पंचवीस मिनिटांना हात लावला नाही.
गाड्यांच्या काचा खाली यायच्या,
बर्फाळ पाऊस आत यायचा, तरी लोक त्या खालीच ठेवायचे.

एकदा त्या थांबण्यात पोरगं काहीतरी बोललं.
शब्द नव्हता तो, 'ब'सारखं काहीतरी, लांबलचक.
राग्नफ्रिडनं कागद खाली केला
आणि त्याचं वाक्य
त्याला पूर्ण करू दिलं.